आधीं कापड, मग नक्षी

भरतकामाची वस्तु हातीं आली म्हणजे आपण काय पाहतों? प्रथम रंगसंगति पाहतों, मग पानाफुलांची घडण पाहतों, आणि फारच चौकस असलों तर वस्तु उलटी करून मागची बाजू स्वच्छ आहे कीं नाहीं तें पाहतों. हें सारें योग्यच आहे. परंतु ज्या कापडावर ही सगळी शोभा उभी राहिली त्याची विचारपूस सहसा कोणी करीत नाहीं. भिंतीला ओल असेल तर तिच्यावरील चित्राला पोपडे धरतात. तसेंच कापड निकृष्ट असेल तर त्यावरील उत्तम नक्षीही दोन-चार धुण्यांत आक्रसते, विटते आणि अखेर कापडाबरोबर फाटते. दोष मात्र नक्षी काढणारीच्या हाताला लागतो.

वाळवा तालुक्यांतील आष्टा हें चौंडेश्वरीच्या भावईसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव. चौंडेश्वरी ही देवांग कोष्ट्यांची, म्हणजे विणकरांची, कुलदेवता. हा तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यांत होता. त्या सालीं दक्षिण सातारा असा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यालाच सांगली हें नांव मिळालें. जिल्ह्याचीं नांवें बदललीं, तरी येथल्या घरांतील रुखवताची हौस बदलली नाहीं. मुलीच्या हातचे अभ्रे, टेबलावरचे रुमाल, तोरणें, पडदे लग्नांत मांडण्याची चाल कृष्णाकाठीं आजही आहे. पाहणाऱ्या बायका कौतुक करतात, आणि कार्य उरकल्यावर तें सारें ट्रंकेंत जातें. त्यांतील कांहीं वस्तु पुढें रोजच्या संसारांत येतात. कांहीं कधींच येत नाहींत. न येणाऱ्या वस्तूंकडे जरा बारकाईनें पाहावें. बहुतेकींत दोष नक्षीचा नसतो. वस्तु आणि कापड यांचा मेळच बसलेला नसतो. साटिनीचा अभ्रा डोक्याखालून निसटतो, ऑर्गंडीचा पडदा धुतल्यावर मरगळतो, आरसे लावलेली चादर अंगाला टोंचते. ज्या देवतेचा उत्सव आपण एवढ्या थाटानें करतों, तिच्या भक्तांच्या कसबाची पारख आपल्या घरांतून अशी उणी पडावी, हें बरें नव्हे.

श्रमाचा हिशेब

भरतकाम ही फावल्या वेळची करमणूक आहे, असें म्हणण्याची पुरुषमंडळींची रीत आहे. हा फावला वेळ किती, याचा हिशेब एकदां मांडून पाहावा. दुपारीं रोज दोन तास याप्रमाणें तीन महिने काम केलें, तर एका चांगल्या पलंगपोसाला १८० तास लागतात. एकत्र कुटुंबांत हे दोन तास आपसूक मिळत नाहींत. स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, वडीलधाऱ्यांचीं औषधें, आल्यागेल्याचें चहापाणी आणि आतां पुष्कळ घरांतून नोकरी, या सर्वांतून ते काढावे लागतात. अशा मोलाच्या तासांखालीं जें कापड अंथरावयाचें, तें मात्र "घरांत एक तुकडा पडलाच आहे, त्यावर काढ" असें म्हणून पुढें केलें जातें.

यांत काटकसर होते अशी समजूत आहे, पण ती खरी नाहीं. हलक्या कापडावर टाका घालावयास जितका वेळ लागतो तितकाच उत्तम कापडावर लागतो. किंबहुना हलक्यावर थोडा अधिकच, कारण त्याचीं सुतें सरकतात, नक्षी वांकडी होते आणि टांके उसवावे लागतात. उत्तम कापडाला जे पैसे अधिक पडतात ते एकदांच पडतात. हलक्या कापडाची वस्तु तीन वर्षांत गेली आणि चांगल्या कापडाची पंचवीस वर्षें टिकली, तर महाग कोणती पडली? आज यंत्रावर भरलेले अभ्रे आणि रुमाल बाजारांत स्वस्त मिळतात. हातानें काढलेल्या वस्तूनें त्यांच्याशीं किंमतीची स्पर्धा करूं नये. तिनें टिकण्यांत आणि आपल्या घराला नेमकेपणानें शोभण्यांत पुढें असावें. आणि या दोन्ही गोष्टी कापडाच्या निवडीपासून सुरू होतात.

टाका कापडांतून जन्मतो

आपल्या देशांतील नांवाजलेल्या भरतकामाच्या परंपरा पाहिल्या तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. टाका आणि कापड हीं वेगवेगळीं निवडलेलीं नाहींत. एकांतून दुसरें आलेलें आहे.

सांगलीच्या दक्षिणेस कर्नाटक लागतो. तेथील धारवाडकडची कसुती घ्या. कसुतींत कापडावर नक्षी छापत नाहींत. कापडाचीं सुतें मोजून टांके घालतात. गवंती, मुर्गी, नेगी आणि मेंथी हे तिचे चार टांके. मेंथी म्हणजे आपली मेथी, आणि हा टाका फुलीचा. गवंती आणि मुर्गी हे दोन्ही बाजूंनीं सारखे दिसतात, आणि दोऱ्याला गांठ मारीत नाहींत. गोपुर, तुळशीवृंदावन, पालखी, अंबारीचा हत्ती, मोर, पोपट हे तिचे आवडते आकार. हें सारें इरकलीसारख्या हातमागाच्या लुगड्यावर शोभलें, कारण त्या कापडाची वीण सरळ असे आणि सुतें डोळ्यांना मोजतां येत. गुळगुळीत गिरणीच्या रेशमावर कसुती काढावयास बसलें तर सुतें मोजतां मोजतां डोळे शिणतात. मग जाळीचें कापड वर टांकून त्यावर टांके घालावे लागतात व मागाहून जाळीचीं सुतें ओढून काढावीं लागतात.

पंजाबची फुलकारी जाड्याभरड्या खद्दरावर, उलट्या बाजूनें सुतें मोजून, पीळ नसलेल्या रेशमानें भरतात. खद्दर जाड म्हणून सुतें मोजणें सोपें, आणि रेशमाची झळाळी त्या मंद पार्श्वभूमीवर अधिकच उठून दिसते. लखनौच्या चिकणकामांतील बखिया टाका मागून घालतात आणि त्याची सावली पुढें उमटते. ती मलमल झिरझिरीत असेल तरच दिसणार. जाड कापडावर तोच टाका घातला तर श्रम तेवढेच, पण दिसावयाचें कांहींच नाहीं. बंगालच्या कांथ्यांत जुनीं, धुऊन मऊ झालेलीं लुगडीं एकावर एक ठेवून धावदोरा घालतात. आपल्या वाकळेचाही न्याय तोच. या सर्व बायकांनीं कापडाला विचारून टाका घातला. आपण मात्र नक्षीचा कागद आधीं निवडतों आणि मग कापड शोधावयास निघतों.

वस्तूपासून आरंभ करावा

म्हणून क्रम असा असावा: प्रथम वस्तु, मग कापड, मग दोरा, आणि सर्वांच्या शेवटीं नक्षी. वस्तु ठरवितांना तीन प्रश्न विचारावे. ती कोण वापरणार? ती कितीदां धुतली जाणार? आणि ती अंगाला लागणार कीं नुसती डोळ्यांना दिसणार?

या प्रश्नांनीं घरांतील वस्तूंचे तीन वर्ग सहज पडतात. रोज किंवा आठवड्याला धुतल्या जाणाऱ्या वस्तु हा पहिला वर्ग: अभ्रे, चादरी, हातरुमाल, मुलांचीं झबलीं-टोपडीं, दुपटीं, ताट झांकावयाचे रुमाल. यांना पक्क्या विणीचें सुती कापड आणि बसके टांके हवेत. सणासमारंभास काढावयाच्या वस्तु हा दुसरा वर्ग: टेबलावरचें आच्छादन, पलंगपोस, हळदीकुंकवाच्या तबकावरचा रुमाल, चौरंगावरचें वस्त्र. यांत नक्षीला थोडी मोकळीक आहे. तिसरा वर्ग नुसत्या शोभेचा: तोरण, भिंतीवरचें चित्र, बटवा. मखमल, रेशीम, आरसे, टिकल्या, मणी यांची हौस येथें पुरवावी. पहिल्या वर्गाच्या वस्तूवर तिसऱ्या वर्गाचें काम करणें, हीच बहुतेक फसलेल्या रुखवतांची कहाणी असते.

कापडांची ओळख

केंब्रिक आणि पॉपलीन हीं घट्ट विणीचीं, गुळगुळीत सुती कापडें छापलेल्या नक्षीला उत्तम. दांडी टाका, साखळी, भरीव टाका, काजटाका, गांठीचा टाका, सर्व यांवर चांगले बसतात. अभ्रे, फ्रॉक, झबलीं यांना हींच घ्यावींत. आष्ट्याहून इचलकरंजी कांहीं फार दूर नाहीं. १९०४ सालीं तेथें पहिला यंत्रमाग सुरू झाला आणि पुढें तें गांव यंत्रमागांचें मोठें केंद्र बनलें. इतकें कापड आपल्या उंबऱ्याजवळ विणलें जात असतां पारख न करतां मिळेल तें घ्यावें, यासारखी उणीव नाहीं.

कॅसमेंट हें त्याहून जाड, भरदार कापड. पडदे, पलंगपोस, टेबलाचें आच्छादन यांसाठीं तें योग्य. त्यावर मोठी नक्षी आणि तीन-चार पदरी दोरा शोभतो. नाजूक वेल काढली तर ती हरवते.

मॅटी आणि दोसुती हीं मोजून भरावयाचीं कापडें. फुलीच्या टांक्याला मॅटीसारखें दुसरें कापड नाहीं. मात्र ती घेतांना इंचांत किती चौकड्या पडतात तें मोजून घ्यावें, कारण नक्षीचें माप त्यावरच ठरतें. समजा, नक्षी ८४ फुल्या रुंद आहे. इंचाला १४ चौकड्या असतील तर ती बरोबर ६ इंच होईल. ११ चौकड्या असतील तर साडेसात इंचांच्या थोडी वर जाईल. १८ असतील तर पावणेपांच इंचांतच आटोपेल. हा भागाकार आधीं न केल्यामुळें चौरंगाच्या वस्त्रावरील कमळ एका कडेला सरकतें, नाहींतर कांठांतच घुसतें.

मांजरपाटाचें कापड स्वस्त आणि दणकट असतें. त्याच्या मूळच्या भुऱ्या रंगावर विटकरी, गर्द निळा, काळा हे रंग फार खुलतात. पिशव्या, शिवणाच्या सामानाची थैली, स्वयंपाकघरांतील झांकणें यांसाठीं तें निःशंक घ्यावें. तें आटतें मात्र पुष्कळ. खादी अंगाला सुखद, पण हातसुतामुळें तिची वीण कमी-अधिक जाड. म्हणून तिच्यावर मोजून भरण्यापेक्षां साखळी किंवा धावदोरा घालावा. मलमल आणि वॉइल उन्हाळ्याच्या वस्तूंना चांगलीं, परंतु एक-दोन पदरी दोऱ्याहून अधिक भार त्यांना सोसत नाहीं. भरीव फूल काढलें कीं त्याच्या भोंवतीं चुण्या पडतात.

गुळेदगुड्डचा खण हा आपल्या भागांतील बायकांच्या विशेष आवडीचा. पण त्याच्या विणींतच बुट्टी असते. त्यावर आणखी भरतकाम केलें म्हणजे दोघांचीही शोभा जाते. खणाचा उपयोग कांठासाठीं, तोरणाच्या पानांसाठीं, बटव्यासाठीं करावा आणि भरतकाम शेजारच्या सपाट कापडावर करावें. टेरिकॉटसारखीं मिश्र कापडें सुरकुतत नाहींत म्हणून मोह होतो. परंतु सुती दोरा आणि मिश्र कापड हीं धुण्यांत सारखीं आटत नाहींत, त्यामुळें नक्षीभोंवतीं कापड गोळा होतें.

पारख कशी करावी

दुकानांत कापड हातीं घेतलें कीं तें प्रथम उजेडासमोर धरावें. सुतें सर्वत्र सारखीं दिसलीं पाहिजेत. मध्येंच विरळ पट्टा दिसला तर तें कापड ठेवून द्यावें. मग कापडाचा कोपरा दोन्ही हातांत धरून चांगला चोळावा. पिठासारखी भुकटी पडली किंवा चोळलेली जागा एकदम मऊ व झिरझिरीत झाली, तर तो भरदारपणा कापडाचा नसून खळीचा होता असें समजावें. तिसरी पारख सुताची: टाचणीच्या टोंकानें विणींतील सुतें हलकेंच बाजूला सारून पाहावींत. तीं सरकून तशींच राहिलीं तर अशा कापडावर भरीव टाका टिकणार नाहीं.

कापड शुद्ध सुती आहे कीं मिश्र, अशी शंका असल्यास त्याचीं दोन-चार सुतें चिमट्यांत धरून, खालीं पाण्याचें भांडें ठेवून जाळून पाहावींत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. रेशीम आणि लोंकर यांना केंस जळल्याचा वास येतो. कृत्रिम धागा वितळून त्याचा कठीण मणी बनतो.

घरीं आणल्यावर कापड आधीं रात्रभर पाण्यांत भिजवावें, खळ जाईपर्यंत धुवावें, सावलींत वाळवावें आणि किंचित् दमट असतांना इस्त्री करावें. नव्या सुती कापडांत गजामागें इंच-दीड इंच आटणें ही नेहमींची गोष्ट आहे. तें आटणें नक्षीच्या आधीं व्हावें, नंतर नव्हे. तुकडा कातरतांना नुसत्या डोळ्यांवर भिस्त ठेवूं नये. एक सूत ओढून काढावें आणि त्या रेघेवरून कातरी चालवावी. ताणाबाण्याला धरून न कातरलेला अभ्रा कितीही नीट शिवला तरी धुतल्यावर पिळवटतोच.

दोरा आणि सुई

आपल्याकडे अँकरच्या आणि डीएमसीच्या लडी परिचित आहेत. डीएमसी ही फ्रान्समधील म्यूलूझ येथें १७४६ सालीं स्थापन झालेली जुनी पेढी. याच पेढीच्या साहाय्यानें तेरेझ द दिलमाँ या बाईंनीं १८८६ सालीं सुईकामाचा जो विस्तृत ग्रंथ प्रसिद्ध केला, तो जगभरच्या गृहिणींनीं वापरला. अशी लडी सहा पदरांची आणि साधारण आठ मीटर लांब असते. पदर सोडवून घेणें हीच खुबी आहे. मलमलीला एक, केंब्रिकला दोन, पॉपलीनला दोन-तीन, कॅसमेंटला तीन-चार असे पदर घ्यावे. चौदा चौकड्यांच्या मॅटीला दोन आणि अकराच्या मॅटीला तीन पदर पुरतात. दोरा हातभराहून लांब घेऊं नये. पुन्हां पुन्हां कापडांतून गेल्यानें त्याची झळाळी जाते.

लाल, काळा आणि गर्द निळा या रंगांची परीक्षा अवश्य करावी. दोऱ्याचा तुकडा भिजवून पांढऱ्या फडक्यांत ठेवावा आणि वरून गरम इस्त्री दाबावी. फडक्यावर डाग उमटला तर तो दोरा पांढऱ्या कापडावर वापरूं नये. छापलेल्या नक्षीला टोंकदार सुई आणि मॅटीला बोथट टोंकाची सुई घ्यावी; बोथट सुई सूत न फाडतां छिद्रांतून जाते. सुईचा क्रमांक जसा वाढतो तशी ती बारीक होते, हें ध्यानांत ठेवावें. रिंगेंत कापड ताणून ठेवून रात्रीं काढून ठेवावें. तसेंच दिवसेंदिवस राहिलें तर रिंगेचा वळ पडतो आणि त्यांत मळ बसतो.

कांहीं वस्तूंविषयीं

अभ्र्यावर नक्षी मधोमध काढूं नये. गाल जेथें टेंकतो ती जागा मोकळी ठेवून कोपऱ्यांत किंवा तोंडाच्या पट्टीवर वेल घालावी. गांठीचे टांके आणि मणी येथें वर्ज्य. तान्ह्या मुलाच्या झबल्याला आणि कुंचीला मागच्या बाजूचीच काळजी अधिक. आंत गांठ किंवा लोंबता दोरा राहिला तर तो कोंवळ्या कातडीला घासतो आणि बोटांत अडकतो. आंतून मलमलीचें अस्तर लावावें.

जपाच्या गोमुखीला कापड जाड पण मऊ हवें, कारण हात तासन्‌तास आंत असतो. नक्षी बाहेरच्या बाजूस आणि ती पक्क्या रंगाच्या दोऱ्यानेंच करावी. घरांतील आजोबांना किंवा आजींना देण्यासारखी याहून चांगली वस्तु क्वचितच सांपडेल.

दाराच्या तोरणावर ऊन आणि धूळ यांचा मारा सतत असतो. त्याला जाड अस्तर लावावें, आणि रंग असे निवडावे कीं थोडे उतरले तरी विशोभित दिसणार नाहींत. खिडकीच्या पडद्यालाही अस्तर हवेंच. उन्हानें कापडाच्या आधीं दोऱ्याचा रंग जातो.

हळदीकुंकवाच्या तबकावरील रुमालाचा प्रश्न आपल्या भागांत निराळा आहे. सांगलीची हळद प्रसिद्ध. २०१८ सालीं तिला भौगोलिक मानांकनही मिळालें. ती या रुमालावर सांडणार हें गृहीत धरूनच कापड निवडावें. शुभ्र कापडाऐवजीं केशरी, मोतिया किंवा विटकरी जमीन घ्यावी. पांढऱ्या कापडावर हळद सांडलीच तर साबण लावतांच डाग तांबडा होतो. त्यानें घाबरूं नये. तो हळदीचा गुण आहे. स्वच्छ पाण्यानें खळबळून कापड उन्हांत टाकावें. हळदीचा रंग उन्हापुढें टिकत नाहीं, एक-दोन उन्हांत डाग फिका पडतो. मात्र दोऱ्याचा रंगही उडूं नये म्हणून डागाची जागा तेवढी उन्हांत आणि बाकीची नक्षी दुसऱ्या कापडानें झांकलेली असावी.

पाणी, धुणें आणि जपणूक

कापड कितीही चांगलें असलें तरी तें शेवटीं गांवच्या पाण्यांतच धुतलें जाणार. कृष्णाकांठीं उसाला पाणी फार देऊन पुष्कळ जमिनी क्षारपड झाल्या, हें शेतकरी जाणतातच. त्या भागांतील विहिरींचें आणि कूपनलिकांचें पाणीही पुष्कळदां जड असतें. अशा पाण्यांत साबणाला फेंस येत नाहीं, त्याचा चिकट सांका होतो आणि तो टांक्यांच्या फटींत बसून नक्षी काळवंडते. येथें आपल्या आज्यांचा रिठाच श्रेष्ठ. रिठ्याच्या पाण्याचा असा सांका होत नाहीं. भरतकामाच्या वस्तु कोमट रिठ्याच्या पाण्यांत थोडा वेळ ठेवून हातानें दाबून धुवाव्या, दगडावर आपटूं नयेत, पिळूं नयेत, आणि धुण्याच्या यंत्रांत टाकावयाच्या असल्यास उलट्या करून पिशवींत घालाव्या. पावसाळ्यांत पागोळ्यांचें पाणी धरून ठेवलें तर शेवटच्या खळबळण्याला त्यासारखें दुसरें नाहीं. इस्त्री नेहमीं उलट्या बाजूनें, खालीं जाड पंचा अंथरून करावी. म्हणजे टांके दबत नाहींत.

वर्षभर ठेवून द्यावयाच्या वस्तूंना खळ देऊं नये. कसर खळीवर लागते आणि तिच्याबरोबर कापडही खाते. वस्तु पूर्ण वाळवून, जुन्या पांढऱ्या मलमलींत गुंडाळून ठेवाव्या. लोखंडी ट्रंकेचा स्पर्श कापडाला होऊं देऊं नये. पावसाळ्यांतील दमटपणानें गंजाचे डाग पडतात, आणि ते निघत नाहींत. घडी नक्षीवरून घालूं नये, आणि वर्षांतून एकदां तरी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणीं घालावी. जुन्या वस्तु फाटतात त्या घडीच्या रेघेवर.

आणखी एक सूचना आहे. आपल्या घराघरांतून जुन्या कुंच्या, रुमाल, पलंगपोस निघतात, पण ते कोणाच्या हातचे आणि केव्हांचे, हें सांगावयास कोणी उरलेलें नसतें. एवढे श्रम करणारीचें नांवही मागें राहूं नये, हें न्यायाचें नव्हे. प्रत्येक वस्तूच्या उलट्या बाजूस, एका कोपऱ्यांत, आपलें आद्याक्षर, गांव आणि सन बारीक टांक्यानें घालावें. यांत मिरविणें नाहीं. विणकर आपल्या कापडावर छाप मारतो, लेखक आपल्या पुस्तकावर नांव घालतो. मग सुईनेंच कां मुकें राहावें?

हें सर्व वाचून कोणी म्हणेल, इतका विचार केला तर हौस कोठें राहिली? हौस विचारानें कमी होत नाहीं, वायां जात नाहीं इतकेंच. यासाठीं घरांतील वडीलधाऱ्या बायकांना एक विनंति आहे. सून किंवा नात सुई हातीं घेईल तेव्हां तिला पेटींतला उरलासुरला तुकडा देऊं नका. तिला बरोबर घेऊन दुकानांत जा, कापड उजेडासमोर धरावयास शिकवा, चोळून पाहावयास शिकवा, आणि चांगल्या कापडाचे पैसे घरखर्चांत घाला. तिचे जे तास त्यावर खर्च होणार आहेत ते पुन्हां कोठल्याही बाजारांत मिळणार नाहींत. चार वार चांगलें कापड देणें म्हणजे त्या तासांचें मोल घरानें ओळखणें होय.